मुळाला हात न लावता

सोमवारी सकाळी आप्पा कॉटवर बूट घालून बसले होते. अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल, चष्म्याचं घर आणि अर्धा उरलेला चिवड्याचा पुडा. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं होतं, टाके कोरडे होते, सर्जननी तपासून घरी जायला सांगितलं होतं. तरीही त्यांच्या मनगटावरचा पट्टा लालच होता. आमच्या रुग्णालयात पट्टा लाल असेपर्यंत माणूस रुग्णालयाचा असतो. हिरवा झाला की तो स्वतःचा.

"तू इथंच नोकरीला आहेस न्हवं?" आप्पांनी विचारलं.

आहे म्हटलं.

"मग कर की हिरवा."

मिरजेच्या कृष्णाकाठ सहकारी रुग्णालयात मी नोकरीला आहे आणि नेमकी याच पट्ट्यांच्या यंत्रणेवर आहे, हेच तर दुखणं होतं. माझं कागदोपत्री पद 'प्रणाली विस्तार अधिकारी' असं भारदस्त आहे. प्रत्यक्षात मला सगळे जोडारी म्हणतात. आयटीआयमधला जोडारी पाइपाला पाइप जोडतो, मी प्रोग्रॅमला प्रोग्रॅम जोडते. त्याच्या कामातून निदान पाणी तरी येतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील भूपाल मगदूम, रेल्वेत तिकीट तपासनीस होते. सख्ख्या मेव्हण्याला विनातिकीट पकडून त्यांनी त्याच्याकडून दंड वसूल केला होता, आणि वर पावती नीट जपून ठेवायला सांगितलं होतं. त्यानंतर आई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन मामाकडे गेली आणि चार गोड शब्द बोलून आली. आमच्या घरची रीतच ती. आप्पा बदलणार नाहीत, बाकीच्यांनी त्यांच्याभोवती जुळवून घ्यायचं. हे खातं आधी आईकडे होतं. ती गेल्यावर न मागता माझ्याकडे आलं.

त्या आप्पांचं गुरुवारी लग्न होतं.

हेमलताबाई वसगडे बँकेतून निवृत्त झालेल्या, आठ वर्षांपूर्वी नवरा गेलेला, मुलगा दूर. सकाळी फिरायला जाताना दोघांची ओळख झाली. नोंदणी पद्धतीनं लग्न ठरलं, तारीख मिळाली आणि त्याच आठवड्यात आप्पांचा हर्निया अडकला. मग दुसरी तारीख घेतली, ती या गुरुवारची. हेमलताबाईंनी मला शांतपणे सांगून ठेवलं होतं. त्या कार्यालयाच्या बाकावर त्या एकदा साडी नेसून, गजरा माळून बसल्या होत्या आणि नवरदेव आला नव्हता. आजारपणाला त्यांचा राग नव्हता. पण या वयात दुसऱ्यांदा तसं बसणं त्यांना जमणार नव्हतं. गुरुवारी झालं तर झालं, नाहीतर सकाळचं फिरणं आहेच, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी हे ज्या आवाजात सांगितलं तो बँकेतला आवाज होता, त्यावर अपील नसतं.

म्हणजे गुरुवारी अकराच्या आत आप्पांचा पट्टा हिरवा व्हायला हवा होता. एवढंच. आणि एवढंच होत नव्हतं.

का होत नव्हतं ते समजायला धात्री समजून घ्यावी लागेल. रुग्णालय चालवणारी ही प्रचंड प्रणाली. रुग्ण दाखल करणं, औषधं, ऑपरेशनची वेळ, बिल, जेवण, दरवाजे, सगळं तिच्या ताब्यात. पूर्वी अशा प्रणालीत प्रत्येक रुग्णालय आपापल्या सोयीनं फेरफार करायचं. मग कुठेतरी कुणीतरी औषधाच्या मात्रेच्या हिशेबातली एक ओळ बदलली, माणसं दगावली आणि कायदा आला. तेव्हापासून मूळ प्रोग्रॅम तपासून, प्रमाणित करून सीलबंद मिळतो. त्यातला स्वल्पविराम जरी हलवला तरी परवाना जातो आणि हलवणारा तुरुंगात जातो.

पण प्रत्येक रुग्णालयाची तऱ्हा वेगळी. त्यासाठी मूळ लिहिणाऱ्यांनी एक सोय केली, आणि ती खरोखर हुशारीची आहे. धात्री कुठलंही काम करण्याआधी आणि केल्यानंतर क्षणभर थांबते आणि हाक मारते. मी अमुक करतेय, कुणाला काही म्हणायचंय का? या थांब्यांना आम्ही खुंट्या म्हणतो. खुंटीवर आपला छोटा प्रोग्रॅम टांगायचा, त्याचं नाव पुरवणी. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं पुरवणी बांधतात तशीच. पुरवणी हाक ऐकते, वाटलं तर स्वतःची भर घालते, वाटलं तर थांब म्हणते, नाहीतर काम पुढच्या पुरवणीकडे सरकवते. मुळातलं अक्षरही बदलत नाही. कंपनीनं उद्या नवी धात्री दिली तरी खुंट्या त्याच जागी असतात आणि पुरवण्या तशाच लोंबत राहतात.

इथपर्यंत छान आहे. पुढे घोळ असा झाला की पुरवणी लिहायला माणूस लागेनासा झाला. यंत्राशी बोलायचं, ते लिहून देतं. आमच्या कँटीनच्या मॅनेजरनंसुद्धा तीन लिहून घेतल्या आहेत. मी फक्त टांगते. टांगायला एक सही पुरते. काढायची म्हटलं की मात्र तिच्यानंतर टांगलेल्या सगळ्या पुरवण्यांच्या मालकांची ना-हरकत लागते, कारण कोण कुणाच्या भरवशावर लोंबतंय हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे आमच्या धंद्यात एक रीत पडली आहे. दुसऱ्याची पुरवणी काढायची नाही. ती त्रास देत असेल तर तिला उलट उत्तर देणारी आणखी एक टांगायची. अकरा वर्षांत फक्त डिस्चार्जच्या खुंटीवर चारशेच्या वर पुरवण्या झाल्या होत्या. लग्नघरातल्या खुंटीसारखी अवस्था. सगळ्यात खाली कुणाचा कोट आहे ते देव जाणे.

आप्पांचं काय अडलंय ते शोधायला मला सोमवारची दुपार गेली. समाजसेवा विभागाची एक पुरवणी विचारत होती की या वृद्ध रुग्णाची घरी काळजी घेणारं कुणी आहे का. आप्पांच्या नावापुढे मी होते, मुलगी. त्यावर नीतिसमितीची पुरवणी म्हणाली, मुलगी इथलीच कर्मचारी आहे, तिला स्वतःच्या नातेवाइकाला सोडवून नेता येणार नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. मुलगा पुण्यात, म्हणून तिसरीनं गावातलं दुसरं नाव शोधलं. दाखल होताना आप्पांनी, त्यांच्या स्वभावाप्रमाणे अगदी खरं, 'हेमलता वसगडे, होणारी पत्नी' असं सांगितलं होतं. चौथी म्हणाली, 'होणारी' असं नातं नसतं. पत्नी झाल्यावर या.

थोडक्यात, बायको असल्याशिवाय आप्पांची सुटका नव्हती आणि सुटका झाल्याशिवाय त्यांना बायको मिळणार नव्हती.

मी कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की मुळात काहीच दोष नाही. मग डॉक्टरांना सांगून थेट हुकूम द्यायला लावला. डॉक्टरांच्या हुकमाचं बटण हीसुद्धा एक पुरवणीच होती, आणि मागे तिचा गैरवापर झाला म्हणून तिला निकामी करणारी दुसरी टांगलेली होती. बटण दाबलं की 'धन्यवाद' असं येत होतं आणि पुढे काही होत नव्हतं.

मंगळवारी सकाळी आप्पा चालत निघून गेले. वॉचमननं अडवलं नाही, त्यांच्या चालीत इतका रेल्वेचा अधिकार आहे की वॉचमननं सलाम ठोकला. पण लाल पट्टा फाटकाबाहेर गेला की धात्री त्याला 'हरवलेला रुग्ण' समजते. बिनचालकाची अँब्युलन्स आपोआप निघाली आणि स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीसमोर आप्पांना गाठून दार उघडून उभी राहिली. ते पुढे चालायला लागले की तीही चालायला लागायची, अगदी सभ्य अंतर राखून, भोंगा मात्र चालू. तासाभरात निम्म्या स्टेशन रोडनं आप्पांना विचारलं की काय झालंय तुम्हाला. शेवटी लाजेखातर ते तिच्यात बसले. परत आल्यावर ते माझ्याकडे पाठ करून बसले. ती अँब्युलन्स कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात अधीक्षकांच्या गाडीला आडवी लागली आणि तिथून हलेना, कारण रुग्ण परत आल्याची नोंद करणारी पुरवणी तिला 'अजून थांब' सांगत होती.

अधीक्षक म्हणजे डॉक्टर हिरेमठ. माणूस भला, पण त्यांच्या टेबलामागे एक मानपत्र टांगलेलं आहे, अकरा वर्षांत मुळाला हात न लावल्याबद्दलचं, आणि ते त्याच्याकडे पाहूनच निर्णय घेतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि सुचवलं की आणखी एक छोटीशी पुरवणी टांगून बघावी. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण माझ्याकडेही दुसरं काही नव्हतं. मी एक ओळीची पुरवणी लिहिली. विवाहाची तारीख ठरलेली असेल तर होणाऱ्या पत्नीला पत्नी समजावं. टांगली, चहा प्यायले आणि घरी गेले.

बुधवारी सकाळी हेमलताबाईंचा फोन आला. रात्रीत त्यांना कृष्णाकाठ रुग्णालयाकडून पतीला कमी मीठ घालण्याविषयीचा पाठ आला होता, पतीच्या पथ्याबद्दल आठ प्रश्नांची चाचणी आली होती आणि त्या तिच्यात नापास झाल्या होत्या. त्या हसत होत्या म्हणून मीही हसले. मग त्यांनी शेवटचं वाचून दाखवलं, आणि माझं हसू मावळलं.

आमच्या खुंटीवर कुठेतरी अशी एक पुरवणी लोंबत होती की जी रुग्णाच्या कौटुंबिक स्थितीतला बदल सरकारी नोंदणीला कळवते. तिनं आपलं काम चोख केलं होतं. विवाह नोंदणी कार्यालयानं गुरुवारची भेट रद्द केली होती. कारण दिलं होतं, वराची पत्नी हयात आहे. पत्नीचं नाव, हेमलता वसगडे.

"म्हणजे मी आहे म्हणून मला त्यांच्याशी लग्न करता येत नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "पद्मजा, मी चाळीस वर्षं बँकेत काढली, पण असलं काही बघितलं नाही."

माझी पुरवणी ताजी होती, तिच्यानंतर अजून कुणी काही टांगलं नव्हतं, म्हणून ती काढता आली. नोंदणी कार्यालयात तिथल्या जोडाऱ्याला गाठून विनवण्या केल्या. तो बिचारा आमच्याच जातकुळीतला, त्यानं न विचारताच सगळं ओळखलं आणि भेट पुन्हा लावून दिली. अकराचीच. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात वॉर्डमधून सिस्टरचा निरोप आला की वडील बोलावतायत आणि ते चिडलेले आहेत.

आता इथे मला माझ्या स्वतःच्या पुरवण्यांविषयी सांगावं लागेल. माझा धाकटा भाऊ अभिनंदन पुण्यात असतो. त्याला हे लग्न मुळीच पसंत नव्हतं, आणि आप्पांना त्याची पसंती विचारायची नव्हती. दोघं समोरासमोर आले असते तर भांडण पेटलं असतं. म्हणून मी अभिला सांगितलं होतं की आप्पांचा विचार बारगळलाय. आप्पांना सांगितलं होतं की अभि खुश आहे, फक्त त्याला रजा नाही. लग्नानंतर दोघं माझ्याच घरी, वरच्या खोलीत राहतील असंही मी ठरवून टाकलं होतं, पडदेसुद्धा शिवून घेतले होते. सगळ्यांचं सुरळीत चाललं होतं. आणि काल रात्री धात्रीनं, मुलगा म्हणून, अभिला अभिनंदनाचा संदेश पाठवला की तुमच्या वडिलांच्या पत्नीची नोंद झाली आहे.

आप्पा कॉटवर तसेच बूट घालून बसलेले. अभिनं त्यांना सरळ फोन केला होता. दोघांनी आपापल्याकडची माहिती ताडून पाहिली होती आणि दोन्हीकडची खोटी निघाली होती. मला वाटलं आता ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पस्तीस वर्षं मी तिकीट विचारलं," आप्पा म्हणाले. "ज्याचं त्यालाच विचारलं. शेजारच्याला कधी विचारलं न्हाई, ह्याचं तिकीट आहे का म्हणून. तू मला काय विचारलंस, सांग बघू? लग्न माझं, पोरगा माझा, आणि र्‍हायचं कुठं तेबी माझंच. ह्यातलं एक तरी मला विचारलंस?"

मी म्हटलं, तुम्ही तरी कधी कुणाला विचारलंत? मामाला दंड करताना आईला विचारलंत? तुम्ही तोडून मोकळे होता आणि आम्ही आयुष्यभर शिवत बसतो. माझा आवाज चढला, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांनी बातम्या बंद केल्या. मी रडत रडत जिना उतरले. मला फार राग आला होता, त्यांचा आणि त्यांच्या बरोबर असण्याचा.

तळमजल्यावर माझी खोली आहे. तिथे एका जुन्या यंत्रावर कोरी धात्री असते, म्हणजे एकही पुरवणी न टांगलेलं मूळ. दरवर्षी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करताना ती चालवून दाखवावी लागते. आम्ही 'चाचणी कुमार' नावाचा एक खोटा रुग्ण दाखल करतो, त्याला बरा करतो आणि सोडतो. सहा वर्षं मी हे करत आले, पण यंत्राला 'पुढे, पुढे' म्हणत, दुसऱ्या हातानं डबा खात. आप्पांच्या शब्दांनी डोकं तापलं होतं म्हणूनच असेल, त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट बसले आणि डिस्चार्ज देताना मूळ काय करतं ते पाहिलं.

ते फार थोडं करतं. डॉक्टरांची संमती आहे का बघतं. मग रुग्णाच्या उशाशी असलेल्या स्पीकरमधून त्यालाच विचारतं, तुम्हाला घरी जायचं आहे का? तो हो म्हणाला तर कुणाला कळवायचं ते विचारतं आणि पट्टा हिरवा करतं. संपलं. असा प्रश्न मी आमच्या रुग्णालयात कधी ऐकलाच नव्हता.

मग मी डिस्चार्जच्या खुंटीवरची सगळ्यात खालची, सगळ्यात पहिली पुरवणी उघडून वाचली. अकरा वर्षांपूर्वीची. जिनं लिहिली त्या बाईंनी कारणही लिहून ठेवलं होतं. घरी जायचं आहे का असं विचारलं की म्हातारी माणसं फार वेळ बोलत बसतात. सुनेबद्दल सांगतात, जिन्याबद्दल सांगतात, रडतात. वॉर्ड खोळंबतो. म्हणून यापुढे या प्रश्नाचं उत्तर रुग्णाच्या वतीनं आपोआप द्यावं, 'अनिश्चित'. झालं. रुग्ण अनिश्चित म्हटल्यावर घरी कुणी आहे का ते शोधणारी पुरवणी आली, तिच्या चुका निस्तरणारी आली, आणि पुढे चारशे. इतका सगळा पसारा एक प्रश्न टाळण्यासाठी होता. मी तिथे एकटीच मोठ्यानं हसले. माझ्या वरच्या खोलीचे पडदे मला आठवत होते.

कायद्यात प्रमाणन चाचणी खोट्या रुग्णावरच करावी असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट खऱ्या रुग्णावर, एका कॉटपुरत्या खुंट्या मोकळ्या करून करावी असं म्हटलंय. आम्हीच पळवाट काढली होती. गुरुवारी सकाळी मी डॉक्टर हिरेमठांना फाटकापाशीच गाठलं. ते रिक्षानं आले होते. त्यांची गाडी अजून अँब्युलन्सच्या आड अडकलेली होती. मी म्हटलं, सर, आज चाचणी घ्यायची आहे, कॉट नंबर बारावर. त्यांनी लगेच विचारलं, मुळाला हात लागणार नाही ना? मी म्हटलं, अकरा वर्षांत पहिल्यांदाच मुळाला बोलू देणार आहोत. ते मानपत्राच्या दिशेनं, म्हणजे पहिल्या मजल्याकडे, एकदा बघून घेतल्यासारखे थबकले. मग आपल्या गाडीकडे बघितलं.

"करा," ते म्हणाले. "काय व्हायचं ते होऊ दे एकदा."

दहा वाजून गेले होते. वॉर्डमध्ये हेमलताबाई येऊन बसल्या होत्या, साडी नेसून. गजरा मात्र माळलेला नव्हता, तो पुडीतच होता. मी टॅबवर कॉट बाराच्या खुंट्या मोकळ्या केल्या. डॉक्टरांची संमती आधीच होती. काही क्षण काहीच झालं नाही. मग उशाजवळच्या स्पीकरमधून एक जुन्या वळणाचा, घाई नसलेला बाईचा आवाज आला.

"भूपाल मगदूम, तुम्हाला घरी जायचं आहे का?"

आप्पा दचकले. त्यांनी आधी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घरी म्हणजे कुणाच्या?" ते म्हणाले.

"उत्तर समजलं नाही," आवाज म्हणाला. "तुम्हाला घरी जायचं आहे का?"

माझ्या तोंडात 'हो' अगदी ओठांपर्यंत आलं होतं. आप्पा, हो म्हणा, बाकीचं मी बघते, असं सगळं वाक्य तयार होतं. घड्याळ पुढे चाललं होतं. हिरेमठसर घाम पुसत होते. मी तोंड उघडलं आणि हेमलताबाईंशी नजरानजर झाली. मी तोंड मिटलं. इतकं कठीण काम मी या नोकरीत दुसरं केलेलं नाही.

आप्पा बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. म्हातारी माणसं वेळ घेतात हे त्या बाईंनी खरंच लिहिलं होतं. मला पहिल्यांदा जाणवलं की गुरुवारच्या या धावपळीत, ऑपरेशन झालेल्या, त्र्याहत्तर वर्षांच्या या माणसाला नव्यानं संसार मांडायची भीती वाटत असेल. मी ते कधी मनातच आणलं नव्हतं. आप्पा म्हणजे आप्पा, त्यांना कसली भीती.

"जायचंय," ते हेमलताबाईंकडे बघत म्हणाले. "हिच्या घरी. ही न्हेत असली तर."

"नेते," हेमलताबाई म्हणाल्या.

"उत्तर समजलं नाही," आवाज न चिडता म्हणाला. "हो किंवा नाही सांगा."

"हो," आप्पा म्हणाले.

"कुणाला कळवायचं आहे?"

"कुणाला न्हाई. हिला कळलंय." मग जरा थांबून, "पोराला माझं मी सांगतो."

ते ऐकून मला लागलं. खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मधे उभी राहून दोन्हीकडचा मार मी खाल्ला, आणि मला काढून टाकायला एक वाक्य पुरलं. पण लागल्यावर लगेच अंग हलकंही वाटलं, डोक्यावरचा पाण्याचा हंडा कुणी उतरवून घेतल्यासारखं.

पट्टा हिरवा झाला. शेजारच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले आणि त्यांनी हिरेमठसरांना विचारलं की ही बाई मला कधी विचारणार. सरांनी चष्मा काढून पुसला. नंतर त्यांनी काय केलं, आणि अशा चाचण्या आता वॉर्डात रोज का होतात, तो वेगळा विषय आहे. त्यावर समितीसुद्धा बसली आहे आणि समिती एक पुरवणी सुचवणार आहे म्हणे.

हेमलताबाईंनी पुडी सोडून गजरा माळला. सिस्टरनं पिन दिली. आप्पांनी फोन काढला आणि जिन्याच्या वळणावर उभं राहून अभिला लावला. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. दोनदा माझे पाय तिकडे वळले आणि दोनदा मी थांबले. फोन ठेवून ते आले तेव्हा तोंड लाल होतं. अभि लग्नाला येणार नव्हता. दिवाळीला येईन म्हणाला, आणि तेव्हा भांडेन म्हणाला. आप्पांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

फाटकाशी रिक्षा उभी होती. अँब्युलन्सही अखेर हलली होती, हिरवा पट्टा बघून ती मुकाट्यानं आपल्या जागी निघाली होती. मी सवयीनं आप्पांच्या हातातली पिशवी घ्यायला गेले. त्यांनी ती दिली नाही. हेमलताबाई रिक्षात बसल्या. मी मनात हिशेब करत होते, कार्यालयात साक्षीदार कोण, पेढे कुणी आणायचे, वरच्या खोलीच्या पडद्यांचं आता काय करायचं. मी येणार हे गृहीतच होतं, त्यांना आणि मलाही.

आप्पा रिक्षात एक पाय ठेवून थांबले. मागे वळले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते जमत नव्हतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं.

"पद्मा," ते म्हणाले, "तुला यायचंय का?"

उभ्या जन्मात त्यांनी मला माझी इच्छा विचारल्याचं आठवत नव्हतं. शाळा, कॉलेज, लग्नसुद्धा त्यांनी सांगितलं आणि मी केलं. खरंच यायचंय का, की साक्षीदार हवा म्हणून, की लोक काय म्हणतील म्हणून, हे मी आत शोधत राहिले आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. आप्पा घाई न करता उभे होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, माझ्या वतीनं उत्तरही दिलं नाही.

"हो," मी म्हटलं.

ते आत सरकले आणि माझ्यासाठी जागा झाली.